आज आत कुणी जायचं नाही

रविवारची जेवणं उरकली आणि गेणू आबांनी ओसरीवर सतरंजी टाकायला सांगितली, तेव्हा त्यांच्या बायकोनं, नंदाबाईनं ओळखलं, की आता हे टळत नाही. आठवडाभर घरातली माणसं एकमेकांना चुकवत होती. थोरला राजेंद्र न्हाणीकडून आला की धाकटा कैलास गोठ्याकडं जायचा. राजेंद्रची अनघा आणि कैलासची समीक्षा, दोघी जावा, एकाच स्वयंपाकघरात वावरत होत्या. पण एकीनं भाकरी थापायला घेतल्या की दुसरी पाण्याचं निमित्त काढायची. आबा मात्र काही बोलले नव्हते. माणसं भांडून दमली की मग त्यांना बोलवायचं, ही त्यांची जुनी रीत. धरणात गाव गेल्यावर त्यांच्या वडलांनी तिकोना गडाच्या पायथ्याला नवं घर उभं केलं, तेव्हापासून या घराचे सगळे निवाडे याच ओसरीवर झाले होते.

लोणावळ्याहून लेक चैतालीही आली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. फोनवर अनघाच्या तोंडून निम्मं आणि कैलासच्या तोंडून निम्मं ऐकून ती आपणहून सकाळच्या गाडीनं उतरली होती. ती तिथल्या एका मोठ्या हॉटेलात स्वागतकक्षावर काम करायची आणि माहेरी आली की पहिला तासभर तिची भाषा पाहुण्यांशी बोलल्यासारखीच असायची.

भांडण गुलाबांवरून झालं होतं.

पवना नदीच्या अंगाला असलेल्या घरच्या जमिनीवर राजेंद्रनं पॉलीहाऊस उभं केलं, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. गावात सगळे त्याला नुसतं शेड म्हणायचे. पहिल्या वादळात वरचा प्लास्टिकचा कागद फाटून गेला, तेव्हा राजेंद्र दिवसभर तिथंच बसून होता, जेवायलाही आला नव्हता. पुन्हा कागद चढवला. मग शेडमध्ये लांब दांड्याचे लाल गुलाब लागले, गावातल्या बाया तोडणीला येऊ लागल्या, कैलास खोके वाहायची पिकअप चालवू लागला. कैलासचं लग्न झालं, तेव्हा शेतीची पदविका घेतलेली तळेगावची मुलगी घरात आली म्हणून सगळ्यांत जास्त आनंद राजेंद्रलाच झाला होता. त्यानंच समीक्षाला शेडवर सुपरवायझर म्हणून बसवलं. व्यापारी आले की तो मोठेपणानं म्हणायचा, "आमच्या समीक्षाला विचारा. तिचा शब्द तो माझा शब्द."

फेब्रुवारीचा पहिला आठवडा म्हणजे त्या शेडच्या सगळ्या वर्षाचा कणा. चौदा तारखेला परदेशात विकली जाणारी फुलं याच दिवसांत तुटतात. कळी घट्ट मिटलेली लागते. एकदा पाकळी सैल पडली, की ते फूल विमानातलं राहत नाही, हाराच्या टोपलीत जातं. नेमक्या त्याच आठवड्यात शेडच्या एका अंगाला पानांच्या खाली लाल कोळी, रस शोषणारी बारीक कीड, दिसला. एरवी औषध मारायचं ते संध्याकाळी, बाया घरी गेल्यावर. या वेळी राजेंद्रला तेवढा दम नव्हता. त्यानं पहाटेच सगळ्या शेडला औषध मारून घेतलं. मालाची थंड गाडी दुपारी यायची होती.

सकाळी बाया आल्या. हातमोजे चढवून, छाटायच्या कात्र्या घेऊन दारापाशी बसल्या. नंदाबाई त्यांच्यात होती. मालकाच्या आईनं काम करावं अशी कुणाची सक्ती नव्हती. पण ती पुढं असली की बाकीच्यांचे हात भरभर चालतात, हे राजेंद्रला ठाऊक होतं आणि तिलाही. तेवढ्यात समीक्षा पॅकिंगच्या खोलीतून झपाझप आली आणि तिनं शेडच्या दाराला कडी घातली.

"आज आत कुणी जायचं नाही," ती म्हणाली. "पानं अजून ओली आहेत."

राजेंद्र खोक्यांचा ढीग टाकून आला. "काय झालं? कडी का घातली?"

"दादा, पहाटे औषध मारलंय. डब्यावर लिहिलंय, दिवसभर आत माणूस जाऊ नये."

"डब्यावर लय काय काय लिवलेलं असतं. मोजे हायेत, तोंडाला फडकी बांधतील. अन् काम सकाळपुरतंच हाय. काढ कडी."

"फडक्यानं काही होत नाही."

"समीक्षा, मालक कोण हाय हितं?"

"तुम्ही."

"मग?"

"मग मला कामावरून काढा. पण कडी मी काढणार नाही."

राजेंद्रचा चेहरा उतरला आणि लगेच तापला. धाकट्या भावाची बायको. तिला हाताला धरून बाजूला करणं त्याच्याच्यानं होणार नव्हतं, भासऱ्यानं भावजयीच्या अंगाला हात लावायचा नाही, एवढी रीत त्या रागातही त्याच्या अंगात शाबूत होती. आणि तिच्या खांद्यावरून हात घालून कडी काढायला एकही बाई पुढं येत नव्हती. मग तो नंदाबाईकडं वळला.

"आई, तू चल. तू गेलीस की येतील सगळ्या."

नंदाबाई उठली. कात्री घेऊन दारापर्यंत गेलीही. समीक्षानं तिचं मनगट पकडलं. घट्ट पकडलं.

"आत्या, तुम्हीसुद्धा नाही."

एवढंच झालं होतं. उन्हं चढली, शेडमध्ये उकाडा वाढला आणि कळ्या एकेक करून सुटत गेल्या. गाडी आली, थांबली आणि दुसऱ्याच्या शेडवर गेली. राजेंद्रनं सगळ्यांदेखत समीक्षाला सांगितलं, उद्यापासून हितं पाऊल टाकायचं नाही. कैलास तेव्हा वडगावला खोकी आणायला गेला होता. तो परतला तेव्हा दोन्हीकडचं ऐकून त्याला दोघांचाही राग आला, आणि दोघांपुढंही तो काही बोलला नाही.

आता ओसरीवर तोच आधी बोलला.

"आबा, मिटवा. समीक्षा दादाची माफी मागंल. वडीलधाऱ्या माणसाला सगळ्यांसमोर उलटून बोलणं बरं न्हाई, मी तिला सांगितलंय."

"तिला बोलू द्या," आबा म्हणाले. "बोल पोरी."

समीक्षा भिंतीला टेकून उभी होती. तिनं पदर खोचलेला होता, जशी कामावर असताना खोचायची तसाच. "मी मोठ्यानं बोलले, त्याची माफी मागते. माल गेला, त्याचं मलाही वाईट वाटतं. ती झाडं मीच वाढवलीत."

"बास्स," कैलास सुटल्यासारखं म्हणाला. "झालं की."

"काय झालं?" राजेंद्र म्हणाला. "माझी चूक झाली, हे कुटं म्हनली ती? तिला म्हनू द्या. अन् हितं न्हाई. हितं घरात काय, कुणी ऐकलं न ऐकलं. उद्या सकाळी शेडच्या दारात, बायांच्या समोर. माझी अब्रू तितं गेलीया."

"ते मी म्हणणार नाही," समीक्षा म्हणाली.

"बघा."

चैतालीनं मध्ये तोंड घातलं. "दादा, तू जरा ऐकून घे. वहिनीनं चुकीचं काय केलं? आमच्याकडं हॉटेलात रूममध्ये औषध मारलं तर दिवसभर पाहुण्याला देत नाहीत. ती पाहुण्यांची खोली असते म्हणून. इथं बाया आहेत म्हणून चालतं का?"

"तुझ्या हॉटेलात साहेब काय म्हनला तर तू काय करतीस, ते सांग," राजेंद्र म्हणाला.

चैताली खरं तेच बोलली. "हो म्हणते. हो म्हणते आणि आत जाऊन शिव्या घालते. म्हणून तर म्हणते, माझ्याच्यानं झालं नसतं ते तिनं केलं."

"तिच्या घरची शेड होती म्हणून केलं. परक्याच्या कंपनीत असती तर केलं असतं का?"

"केलं असतं," समीक्षा म्हणाली.

नंदाबाई उंबऱ्याजवळ बसली होती. तिच्या मनात समीक्षाबद्दल अढी होती आणि ती अढी सोडायची तिची तयारी नव्हती. सून म्हणून पोरगी वाईट नव्हती. पण गावच्या बायांसमोर सासूचं मनगट धरायचं? तोडणीतली हौसाबाई दुसऱ्या दिवशी विहिरीवर म्हणालीच होती, "नंदे, सुनेनं तुला बी लहान पोरीवानी धरून ठिवलं की गं." ते बोलणं नंदाबाईच्या छातीत रुतून बसलं होतं. तिनं राजेंद्रकडं बघितलं. त्याला गेल्या काही दिवसांत झोप नव्हती, ते कुणालाही दिसत होतं. डोळ्यांखाली काळं आलं होतं. हा तिचा पहिला मुलगा. याच्याच बाजूनं बोलायचं, असं तिनं सकाळीच ठरवलं होतं.

"मला एक सांग," राजेंद्र समीक्षाकडं वळला. "पहाटे औषध मारलं, हे तुला कळलं कसं? तू तर उशिरा आलीस."

अनघा स्वयंपाकघराच्या दारात शेंगा सोलत बसली होती. तिचे हात थांबले नाहीत, पण सोललेली शेंग तिनं टरफलात टाकली आणि टरफल दाण्यांत. नंदाबाईनं ते पाहिलं. त्या सकाळी अनघा पॅकिंगच्या खोलीत सगळ्यांच्या आधी गेली होती, आणि समीक्षा कडी घालायला आली ती त्याच खोलीतून.

"वास आला," समीक्षा म्हणाली.

"दाराबाहेर वास येत न्हाई."

"मला आला."

राजेंद्रनं एकदा बायकोकडं बघितलं. अनघा मान वर करेना. तो पुन्हा आबांकडं वळला, आणि आता त्याचा आवाज खाली आला होता.

"आबा, मी काय राक्षस हाय का? मी सोता आत जातो. औषध मारणाऱ्याबरोबर मी असतो. मला कुणी हाताला धरून बाहेर काढलंय का आजवर? ह्या घरात जे चाललंय ते त्या शेडवर चाललंय. कैलासची गाडी, हिचं काम, आईला हातात काम हाय ते. सीझन हुकला की वर्ष हुकतं. अन् मी एक दिवस म्हनलो, चला आत, तर ह्यांनी मला गावात मालक म्हनून ठिवलं न्हाई. काल एक बाई मला इचारती, दादा, आज कडी कोण काढणार, तुमी का वहिनी? हसून इचारती."

तो खोटं बोलत नव्हता. ती सकाळ सोडली तर राजेंद्रनं बायांना कधी उणा शब्द दिला नव्हता, हे समीक्षालाही मान्य होतं.

आबांनी घसा साफ केला. "राजूचं बरोबर हाय. मालकाचा शब्द कामावर एकच असतो. घरात दोन चालतील, कामावर न्हाई. पोरी, तू उद्या तितं जा अन् त्याला पाहिजे तसं बोल. मग तू परत कामावर जा. विषय संपला."

"आबा, मी जाते, दोन शब्द बोलते. पण पुन्हा पहाटे औषध मारून बायांना आत पाठवायचं म्हणाले, तर मी पुन्हा कडी घालणार. मग आज चूक झाली म्हणून काय उपयोग? उद्या तुम्हीच म्हणाल, खोटं बोलली."

"बघितलंत?" राजेंद्र हात पसरून म्हणाला. "अहो, आई आत चालली होती. साठी उलटलेली बाई. तिला काय भ्या वाटलं न्हाई. तिला काय झालं असतं? आई, तूच सांग ह्यांना. तुला भ्या वाटलं का?"

सगळ्यांच्या माना उंबऱ्याकडं वळल्या.

"न्हाई," नंदाबाई म्हणाली.

"मग?"

"मग काय मग. भ्या न्हाई वाटलं."

आबांनी तिच्याकडं बारकाईनं बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिला चारचौघांत फारसं काही विचारलं नव्हतं. "पर तू उठलीस कशापायी?" ते म्हणाले. "बाकीच्या बाया उठल्या न्हाईत. तूच का उठलीस?"

प्रश्न साधा होता. नंदाबाईला वाटलं, उत्तरही साधं असेल. लेकाचं काम, म्हणून उठले. पण तिला तो क्षण आठवला. आठवडाभर तिनं फक्त समीक्षाचा हात आठवला होता. त्याच्या आधीचं आठवलंच नव्हतं. बाया बसलेल्या. दार बंद. आणि राजेंद्र मागं वळला होता. त्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली होती, हौसाबाईवरून, तिच्या लेकीवरून, आणि मग तिच्यावर येऊन थांबला होता. ती नजर तिच्या ओळखीची होती. बाजारला जाताना बैल अडला की दावणीतलं सगळ्यात गरीब जनावर पुढं जुंपायचं, की मागची आपोआप निघतात. ती ओळखून उठली होती. न उठती तर तो सगळ्यांसमोर एकटा पडला असता.

"मला राजूनं उठवलं," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"म्हंजे मी गेले की बाकीच्या जातील, म्हनून त्यानं मला म्हनलं. त्यानं बरोबर वळखलं. मी गेलेच असते." ती थांबली. बोलताना तिला स्वतःलाच ते पहिल्यांदा कळत होतं, त्यामुळं ती सावकाश बोलत होती. "राजू, मला हिचा राग आला हुता. मला अडवलं म्हनून. बायांसमोर हात धरला म्हनून. पर बाबा, ते औषध ओलं हाय हे तुला ठावं हुतं. तुला ठावं असून तू मला म्हनलास, तू चल. अन् हिनं म्हनलं, तू बी न्हाई. मी आठ दिवस हिच्यावरच रागावलेय. तुझ्यावर राग धरायचं मला सुचलंच न्हाई."

राजेंद्रच्या तोंडी नको तोच शब्द आला.

"म्हंजे तू बी तिच्याच बाजूची."

"बाजूचं मी काय बोलले?"

"बोललीस की. मी आईला विष पाजायला निघालो, असं बोललीस. सगळ्यांसमोर." तो उठून उभा राहिला. "मग आई, तू बी उद्यापासून येऊ नको शेडवर. उगं तुला काय झालं तर माझ्यावर यायला नको."

"दादा!" चैताली म्हणाली.

नंदाबाईला रडू आलं नाही. तिला फक्त हात मोकळे झाल्यासारखे वाटले आणि ते कुठं ठेवावेत कळेना. शेडवर जायला लागल्यापासून तिच्या सकाळी भरलेल्या होत्या.

आणि तेव्हा आठवडाभर दोन्हीकडून गप्प राहिलेला कैलास उठला. तो उठेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. त्याच्या बायकोलाही नाही.

"बायकोला काढलं, मी काय बोललो न्हाई," तो म्हणाला. "म्हनलं, थोरला भाऊ हाय, रागात हाय. पर आईला कामावरून काढलं म्हंजे मलाच काढलं. गाडीची चावी आतल्या फळीवर हाय, दादा. आबा, आमची वाटणी करून द्या."

वाटणी हा शब्द त्या ओसरीवर पहिल्यांदाच उच्चारला गेला. अनघाच्या हातातली शेंग खाली पडली. आबांनी डोळे मिटून घेतले.

सगळ्यांत आधी सावरली ती चैताली. "वाटणीबिटणी काही नाही हं," ती म्हणाली. तिचा आवाज आता एकदम माहेरचा झाला होता. "कैलास, डोकं ठिकाणावर ठेव. शेडखालची जमीन तोडली तर शेड राहणार कुठं? दादानं एवढं उभं केलंय. आणि कागद करायची वेळ आली की मला सही करायला बोलवाल, तेव्हा माझं काय, हे कुणी विचारणार आहे का? वहिनी, तूच एक पाऊल मागं घे. एक शब्द तर बोलायचाय. मी तर रोज बोलते."

समीक्षानं तिच्याकडं बघितलं. थोड्या वेळापूर्वी हिनंच आपली बाजू घेतली होती, याचं तिला नवल वाटलं असावं. तिनं दाखवलं नाही. "ताई, आता माझ्या शब्दानं होण्यासारखं राहिलं नाही," एवढंच ती म्हणाली.

आणि ते खरं होतं. सकाळपर्यंत भांडण एका कडीचं होतं. आता ते घराचं झालं होतं.

आबा म्हणाले, "शिमगा होऊ द्या. सीझन बी संपल. मग चुली निराळ्या करू. जमीन मोडायची न्हाई, शेड राजूची राहील, भाताची खाचरं अन् म्हशी कैलासकडं. एवढ्यावर कुणी तोंड उघडू नका." उठताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला. आत जाताना नंदाबाईकडं न बघता म्हणाले, "मी इचारायलाच नको हुतं."

शिमगा झाला आणि चुली निराळ्या झाल्या. ओसरी एकच राहिली, तिला मधोमध पत्र्याचा आडोसा आला. आई-बाप कुणाकडं, यावर कुणी बोललं नाही. आबा राजेंद्रच्या बाजूला जेवायला बसले, कारण त्यांची जागा पहिल्यापासून तिथं होती. नंदाबाई कैलासच्या बाजूला राहिली, कारण राजेंद्रनं तिला बोलावलं नव्हतं. इतकी वर्षं एका ताटाशेजारी दुसरं ताट मांडलेली ती दोघं आता दोन चुलींवरचं खाऊ लागली. गावात कुणी विचारलं तर आबा म्हणायचे, दोनीकडचं खायाला मिळतंय, बरं हाय.

समीक्षानं पवनेच्या काठानं जेवढ्या शेड होत्या तेवढ्या ठिकाणी कामाची चौकशी केली. सगळे तिला ओळखत होते. बसायला खुर्ची द्यायचे, चहा द्यायचे, आणि आत्ता जागा नाही म्हणायचे. एका मालकानं हसत हसत सांगितलं, "ताई, तुमी हुशार हायात. पर कडी घालणारी बाई ठिवायची म्हंजे..." पुढचं त्यानं चहाबरोबर गिळलं. शेवटी कामशेतजवळच्या एका रोपवाटिकेत तिला काम मिळालं. तिथं ती कुणाची सुपरवायझर नव्हती. पिशव्यांत माती भरायची, रोपांना पाणी द्यायचं. कैलास पर्यटकांची जीप चालवू लागला. सुट्टीच्या दिवशी तो तुंगापासून लोहगडापर्यंत कुणाकुणाला फिरवायचा आणि घरी आला की बायकोशी दोन वाक्यांपलीकडं बोलायचा नाही. तिनं चूक केली असं तो म्हणत नव्हता. बरोबर केलं, असंही त्याच्या तोंडून कधी आलं नाही.

ज्यांच्यासाठी तिनं दार लावलं होतं, त्या बाया राजेंद्रकडंच राहिल्या. दुसरं काम कुठं होतं? वाटेत समीक्षा भेटली तर त्या बोलायच्या, पण थांबायच्या नाहीत. हौसाबाईनं एकदा तेवढं मन मोकळं केलं. "तू आमच्यापायी केलंस, ते समजतंय गं पोरी. पर आमाला इचारून केलं असतंस तर आमी म्हनलो असतो, जाऊ दे, जातो आत. आमाला रोज उद्याचं बघावं लागतं." समीक्षानं ऐकून घेतलं. रात्री तिनं ते सासूला सांगितलं आणि विचारलं, "आत्या, मी विचारायला हवं होतं का त्यांना?"

नंदाबाई म्हैस धुऊन आली होती. पाय पुसत म्हणाली, "इचारलं असतंस तर आमी सगळ्या आत गेलो असतो."

वैशाखात लगनसराई आली. गावोगावी मांडव पडले, शेडवरच्या निम्म्या बाया पाहुणेरावळे करत फिरू लागल्या आणि फुलांना मागणी तर तेव्हाच. एका सकाळी नंदाबाई अंगणात तांदूळ निवडत होती, तेव्हा राजेंद्र आडोशाला वळसा घालून या बाजूला आला. आडोसा पडल्यापासून तो पहिल्यांदाच इकडं येत होता. वाळला होता. तिच्यासमोर उभा राहून त्यानं तिकोण्याकडं बघितलं, म्हशीकडं बघितलं.

"बाया कमी हायेत," तो म्हणाला. "पुण्याच्या एका लग्नाचा माल द्यायचाय. तू येतीस का आज?"

नंदाबाईचा हात तांदळात थांबला. शेडमधला तो ओलसर गारवा, दांड्यावर कात्री चालल्याचा आवाज, सगळं तिला क्षणात जवळ आलं. जायचं तर तिच्या मनात फार दिवसांपासून होतं. पोरानं आपणहून येऊन विचारावं, यासाठी ती शिमग्याला नवससुद्धा बोलली होती.

"औषध कधी मारलं?" तिनं विचारलं.

राजेंद्रनं तिच्याकडं बघितलं. घरात समीक्षा डबा भरत होती, तिची भांडी वाजायची थांबली. तो 'काल संध्याकाळी' असं म्हणाला असता तर नंदाबाईनं मानलं असतं. खरं-खोटं करायला ती शेडवर गेली नसती. हे त्यालाही माहीत होतं.

"आज पहाटे," तो म्हणाला.

"मग आज न्हाई येत," नंदाबाई म्हणाली. "उद्या सकाळी येते."

"बरं," राजेंद्र म्हणाला. आणि जायला वळला तो तसाच थांबून, आतल्या दाराकडं तोंड करून, पण कुणाचं नाव न घेता, जरा मोठ्यानं म्हणाला, "बायांना बी उद्याच बोलावतो."